सोहार ते सलाला: एक तास चौतीस मिनिटं

नोव्हेंबरमधल्या एका शुक्रवारी दुपारी चार वाजता ओमानच्या दक्षिणेतल्या सलालाच्या चर्चमध्ये पाच महिन्यांच्या एका मुलाचा बाप्तिस्मा झाला. त्याची धर्ममाता त्या वेळी थुमरेत या गावाच्या अलीकडे पंचेचाळीस किलोमीटरवर, माझ्या गाडीत, माझ्या शेजारी बसली होती. थुमरेतपासून सलाला आणखी ऐंशी किलोमीटर. गाडी मी चालवत होतो. ती चर्चमध्ये नसून गाडीत होती याचं कारणही मीच होतो. वर्ष २०१०नंतरच्या दशकाच्या मध्यावरचं. उत्तरेकडच्या सोहारचा विमानतळ तेव्हा नवा होता.

तिला आम्ही बाय म्हणत असू. वसईकडे थोरल्या बहिणीला असं म्हणतात. माझी बायको पुण्याची आणि मी मुंबईचा, तरी आम्हालाही दुसरं काही सुचलं नाही. मस्कतच्या अल मवालेहमधल्या ज्या घराचा वरचा मजला आम्ही भाड्याने घेतला होता, त्याच मजल्यावरच्या मागच्या खोलीत ती चार वर्षं राहिली. स्वयंपाकघर एकच होतं. ती एका हॉटेलच्या लाँड्रीत कामाला होती. पुढे हॉटेलवाल्यांनी सोहारला दुसरं हॉटेल काढलं आणि तिला तिथे लाँड्रीची प्रमुख म्हणून पाठवलं. वय बावन्न, लग्न केलेलं नाही. आई गेली तेव्हा धाकटा भाऊ आठ वर्षांचा होता. त्याला तिने वाढवलं. तो आता सलालाच्या एका हॉटेलात खानसामा होता. लग्नानंतर नऊ वर्षांनी त्याला मुलगा झाला, आणि त्याने फोनवर पहिल्या वाक्यात मुलगा झाल्याचं आणि दुसऱ्या वाक्यात धर्ममाता तूच असं सांगितलं होतं.

बाप्तिस्म्याच्या वेळी मूल धर्ममातेच्या हातात असतं. बायला तेवढं हवं होतं. ती नसली तर वहिनीची धाकटी बहीण उभी राहणार होती. ती सलालातच एका दवाखान्यात परिचारिका होती आणि चर्चपासून दहा मिनिटांवर राहत होती.

"ती उभी राहिली की संपलं," बाय माझ्या बायकोला म्हणाली होती. "मी मरेपर्यंत मला ते फोटो दाखवील."

माझ्याबद्दल सांगण्यासारखं थोडंच आहे. अकरा वर्षं मुंबईतल्या वृत्तपत्रांत बातम्या तपासण्याचं काम केलं. नंतर मस्कतला एका मासिकात आलो. ओळखपत्रावर वरिष्ठ संपादक असं लिहिलेलं होतं. काम कंपन्यांनी स्वतःबद्दल लिहून पाठवलेल्या मजकुरातली विशेषणं कमी करण्याचं होतं. ओळखीच्यांपैकी कुणालाही कसली माहिती हवी असली की मला फोन येई. पासपोर्टचं नूतनीकरण, मुलांचे प्रवेश, रियालचा भाव. मला ते आवडत असे. इथे कबूल करायची ही पहिली गोष्ट.

बाप्तिस्म्याच्या तीन आठवडे आधी, एका रविवारी, बायचा फोन आला.

"भाऊ, सोहार ते सलाला विमानाला वेळ किती लागतो?"

"थांब. सांगतो."

मी संगणकावर दोन्ही विमानतळांची नावं टाकली. एक पान उघडलं. नकाशावर सोहारपासून सलालापर्यंत एक निळी रेघ होती, खाली अंतर आणि वेळ. आम्हाला शिकवलेला नियम असा, की एका ठिकाणी कळलेली गोष्ट ही अफवा. दुसऱ्या ठिकाणाहून दुजोरा मिळाला की ती बातमी. म्हणून दुसरं पान उघडलं. तिथेही तेच आकडे होते. सगळ्याला चार मिनिटं लागली.

"आठशे अठ्ठावन्न किलोमीटर," मी सांगितलं. "एक तास चौतीस मिनिटं. दोन ठिकाणी तपासलंय."

"चौतीस?"

"चौतीस."

"पस्तीस नाय?"

"नाही."

ती हसली. "मग मॅनेजरला सांगते, गुरुवारी चारला सोड. रात्रीच्या जेवणाला सलालात."

नंतर कळलं ते असं. त्या आठवड्यात राष्ट्रीय दिनाची सुट्टी शुक्रवार-शनिवारला जोडून आली होती. हॉटेल भरणार होतं. मॅनेजरने बायला विचारलं होतं, बुधवार दुपारपासून रजा हवी की गुरुवारी चार वाजल्यापासून. बुधवार घेतला असता तर ती मस्कतला येऊन बसने आरामात गेली असती. पण माझं उत्तर हातात असल्यामुळे तिने गुरुवार घेतला आणि बुधवार हाताखालच्या एका मुलीला देऊन टाकला. त्या मुलीची बहीण दुबईहून येणार होती. कामाचं वेळापत्रक भिंतीवर लागलं.

बाप्तिस्म्याच्या आधीच्या सोमवारी ती सोहारमधल्या तिकीटवाल्याकडे गेली. तिथूनच तिने मला फोन केला.

"भाऊ, ते एक तास चौतीस मिनिटंवालं विमान कोणतं?"

"म्हणजे?"

"हा माणूस विचारतोय, कोणतं विमान. म्हणतो गुरुवारी इथनं सलालाला विमानच नाय. मस्कतवरनं आहेत, ती भरली. शुक्रवारची पण भरली. बसपण भरल्या."

मी दोन्ही पानं पुन्हा उघडली. या वेळी तळापर्यंत गेलो. पहिल्या पानाच्या शेवटी बारीक अक्षरात लिहिलं होतं, की हे अंतर दोन ठिकाणांमधल्या सरळ रेषेचं आहे आणि वेळ त्या अंतरावरून काढलेली आहे. या मार्गावर प्रत्यक्ष विमान आहे की नाही याची चौकशी प्रवाशाने करावी. दुसऱ्या पानाच्या शेवटी हीच दोन वाक्यं होती, त्याच क्रमाने. जगातल्या कोणत्याही दोन विमानतळांची नावं टाकली असती तरी त्या पानांनी मला अंतर आणि वेळ दिली असती. मी रत्नागिरी ते सोहार टाकून पाहिलं. तेही मिळालं.

नव्या उमेदवारांना मी वर्षानुवर्षं सांगत आलो होतो, की दोन माणसं शब्दशः सारखं सांगायला लागली की समजा, दोघांना तिसऱ्याने सांगितलंय. हे ऐकून वहीत उतरवून घेणारी काही मुलं आता मोठ्या पदांवर आहेत.

बायको भारतीय शाळेत शिकवत होती. तिने वह्या तपासता तपासता सगळं ऐकून घेतलं.

"त्यांनी वेळ विचारली," ती म्हणाली. "विमान आहे का, हे तुम्ही विचारायचं होतं."

"प्रश्न तो नव्हता."

"अहो, त्यांना प्रश्न नव्हता पडला. त्यांना जायचं होतं."

वृत्तपत्रात चूक झाली तर दुरुस्ती छापावी लागते. मी बायला फोन करून सांगितलं, मी गाडीने नेतो. गुरुवारी तू मवालेहला ये, शुक्रवारी पहाटे निघू, दुपारी साडेतीनला सलाला. ती म्हणाली, "या वेळेला किती ठिकाणी तपासलंस?"

या वेळेला मी कागदावर तक्ता केला. गाव, अंतर, पोचण्याची वेळ, थांबण्याची मिनिटं, निघण्याची वेळ, पेट्रोल, शेरा. आमच्या घरापासून चर्चपर्यंत एक हजार वीस किलोमीटर. गाडीची टाकी साठ लिटरची, लिटरला तेरा किलोमीटर. सगळी बेरीज दोनदा केली. तक्ता इतका नीटनेटका झाला की मी त्याची प्रत काढून बायकोलाही दिली. तिने ती फ्रिजवर लावली. तिला परीक्षेचे पेपर तपासायचे होते, म्हणून ती येणार नव्हती.

बाय गुरुवारी संध्याकाळी पोचली, चाळीस मिनिटं उशिरा. सोहारहून निघालेल्या शेअर टॅक्सीत चौघं होते. ड्रायव्हरने आधी सहमला कुणाचंतरी पार्सल उतरवलं, मग खाबुऱ्याला भावाच्या शेतातून लिंबं घ्यायला गाडी थांबवली. बायने तीही टोपलीभर आणली होती. दुसऱ्या पिशवीत पांढऱ्या कागदात गुंडाळलेला बाप्तिस्म्याचा पोशाख होता: झबलं, टोपी, मोजे. धर्ममातेने तो द्यायचा असतो. झबल्याला इस्त्री तिने स्वतः केली होती, आणि माझ्या बायकोला दाखवून पुन्हा गुंडाळताना तिने आमची इस्त्री मागून घेतली.

शुक्रवारी आम्ही पाच वीसला निघालो. निझवा, आदम, मग सपाट वाळवंटातला सरळ रस्ता. गाड्या बऱ्याच होत्या, दारांवर लाल-पांढरे-हिरवे पट्टे, मागच्या काचेवर सुलतानांची छायाचित्रं. बायने वाटेत दोन वेळा मला सँडविच दिलं आणि एकदा विचारलं, की तक्त्यात हे खाणं धरलंय का. धरलं होतं.

दहा पन्नासला हैमा आलं. तक्त्याप्रमाणे दहा सत्तावन्नला यायचं होतं. मी ते बोलून दाखवलं.

पंपावर बारा गाड्यांची रांग होती. मी टाकीचा काटा पाहिला, हिशेब केला. आतापर्यंत पाचशे चाळीस किलोमीटर झाले होते. उरलेलं पेट्रोल दोनशे चाळीसला पुरणार होतं. पुढचा पंप शंभरावर. रांगेत वीस मिनिटं गेली असती.

"पुढे भरू," मी म्हणालो.

"इथेच भर ना," बाय म्हणाली. "माणसं उभी आहेत म्हणजे पेट्रोल आहे."

मी तिला लिटर आणि किलोमीटर समजावून सांगितले. ती वाद घालत नाही, तिने खिडकीबाहेर पाहिलं. आम्ही रांगेला वळसा घालून पुढे गेलो.

पुढच्या पंपावर अकरा पंचावन्नला पोचलो. एकही गाडी नव्हती, याचा मला क्षणभर आनंद झाला. मग दिसलं की पंपाच्या दोन्ही बाजूंना साखळी लावली आहे. शेजारच्या चहाच्या दुकानाचं दार एक माणूस बाहेरून ओढून घेत होता. धुतलेला पांढरा सदरा, डोक्यावर टोपी. मी हिंदीत विचारलं, पेट्रोल?

"डेढ़ बजे," तो म्हणाला.

बायने मागून मराठीत विचारलं, "काय झालं रे?" ते ऐकून तो वळला.

"मराठी का? मी श्रीवर्धनचा." मग माझ्याकडे पाहून, "साहेब, जुम्मा आहे ना. सगळे मशिदीत गेले. मीपण चाललो. आता दीडला."

"हैमाला पंप चालू होता."

"तेव्हा अकरा वाजले असतील. आता तोपण बंद." त्याने मला नीट पाहिलं. "नवे आहात का ओमानात?"

"सात वर्षं झाली."

"सात," तो म्हणाला. हसला नाही. "काम काय करता?"

"पेपरात होतो."

"असं," तो म्हणाला, आणि दुकानामागच्या छोट्या मशिदीकडे निघून गेला.

सात वर्षांत शुक्रवारी दुपारी कोणतं दुकान उघडं नसतं हे मी किमान पन्नास माणसांना सांगितलं असेल. भारतातून नवीन आलेल्यांसाठी आम्ही मासिकात एक पान करत असू. त्यात ही माहिती दर अंकात छापली जाई आणि तिचा मजकूर मी लिहिलेला होता. माझ्या तक्त्यात अंतर होतं, वेळ होती, पेट्रोल होतं. वार नव्हता.

बाय गाडीच्या सावलीत दगडावर बसली.

"माझी मिस्सा शुक्रवारी," ती म्हणाली. "याची नमाज शुक्रवारी. तुलाच तेवढा वार नाय."

मी काट्याकडे पुन्हा पाहिलं. उरलेलं पेट्रोल आणखी एकशे चाळीस किलोमीटरचं. त्याच्या पुढचा पंप त्याहून लांब होता. म्हणजे थांबणं भाग होतं. दीडला निघून पाच वाजेपर्यंत पोचता आलं असतं. बाप्तिस्मा चारला होता, पाचला मिस्सा, म्हणजे चर्चमधली सामूहिक उपासना.

फोनला सिग्नल फक्त पाण्याच्या टाकीजवळ होता. बाराला बायने तिथे उभं राहून भावाला फोन केला आणि बाप्तिस्मा मिस्सेनंतर ठेवता येईल का, असं विचारलं. त्याने फादरना विचारून परत फोन करतो म्हणून सांगितलं. त्याचा फोन बारा चाळीसला आला. तोवर ती उन्हातून हलली नाही. मी नेऊन दिलेली पाण्याची बाटली तिने टाकीवर ठेवून दिली. आवाज नीट येत नव्हता म्हणून तिने स्पीकर लावला होता, त्यामुळे मलाही ऐकू आलं.

"बाय, मिस्सेनंतर नाय जमणार. फादरना लगेच दुसरीकडे जायचंय," भाऊ म्हणाला. "फादर म्हणतात, एक तर पुढे ढकला."

"ढकल मग."

"रविवारी ही मुंबईला चालली ना बाळाला घेऊन. सहा महिने. पुढे म्हणजे मे महिना."

"आणि दुसरं?"

"दुसरं म्हणजे तुझ्या जागी कुणी उभं राहायचं. हिची बहीण आहे इथे."

बायने टाकीवरची बाटली उचलली आणि परत ठेवली.

"बाय?"

"कपडे माझ्याकडे आहेत."

"तिने आणलेत कपडे."

"कधी?"

"बुधवारी," तो म्हणाला.

बायने टाकीला टेकून माझ्याकडे पाहिलं. मी रस्त्याकडे पाहिलं. रस्त्यावर काही नव्हतं.

मे महिन्यापर्यंत थांबली असती तर मूल तिच्या हातात आलं असतं. वहिनीचे आईवडील मात्र आजारी होते, आणि वसईला गेल्यावर बाप्तिस्मा तिथेच उरकून घ्या असं कुणीही म्हणू शकलं असतं. हे तिने मला नंतर गाडीत सांगितलं. फोनवर ती फक्त म्हणाली, "फादरला दे."

फादर केरळचे होते. त्यांनी इंग्रजीत आणि मग हिंदीत समजावलं, की प्रतिनिधी उभी राहू शकते, पण धर्ममातेने स्वतःच्या तोंडाने तसं सांगायला हवं. तसं सांगितलं तर नोंद तिच्याच नावाने होईल.

"फादर," बाय म्हणाली, "गॉडमदर मैंच है. वो खाली खड़ी रहेगी, बस."

"हां, ऐसा ही लिखेगा," फादर म्हणाले.

"खाली खड़ी रहेगी," तिने पुन्हा सांगितलं, आणि फोन बंद केला.

श्रीवर्धनचा माणूस एक पंचवीसला परत आला. त्याने दुकान उघडून आधी आम्हाला चहा दिला. बायने त्याला थोडक्यात सगळं सांगितलं. तिच्या सांगण्यात माझ्या तक्त्याला माझ्या अपेक्षेपेक्षा जास्त जागा मिळाली. त्याने पैसे घेतले नाहीत. बायने त्याला खाबुऱ्याची दहा-बारा लिंबं दिली.

"किती वाजता पोचाल?" त्याने मला विचारलं.

"पाच पाच."

तो रस्त्याकडे बघत म्हणाला, "साडेपाच धरा."

पंप दीडला सुरू झाला. आम्ही रांगेत पहिले होतो. टाकी भरून एक अडतीसला निघालो.

चार वाजता बायने गाडीतलं घड्याळ पाहिलं, क्रूसाची खूण केली आणि पर्समधून जपमाळ काढली. मी वेग कमी केला. का केला ते सांगता येणार नाही.

"चालव," ती म्हणाली.

थुमरेत ओलांडल्यावर फोनला सिग्नल आला आणि लगेच एक छायाचित्र आलं. वहिनीच्या बहिणीच्या हातात मूल, मागे फादर. बायने फोन डोळ्यांपासून लांब धरला, मग जवळ आणला.

"टोपी उलटी घातलीय," ती म्हणाली.

घाट उतरताना डोंगर अजून थोडे हिरवे होते. चर्चच्या आवारात गाडी लावली तेव्हा पाच वीस झाले होते. श्रीवर्धनच्या माणसाचा अंदाज दहा मिनिटांनी चुकला, माझा पंधरा मिनिटांनी. त्याने कोणतंही पान उघडलेलं नव्हतं.

मिस्सा सुरू झाली होती. बाय शेवटच्या ओळीमागे उभी राहिली. बसायला जागा होती. मी बाहेर थांबलो आणि बायकोला फोन करून पोचल्याचं सांगितलं. तिने वेळ विचारली. मी सांगितली. ती फ्रिजवरच्या कागदाबद्दल काही बोलली नाही.

सहाला मिस्सा संपली. फादर निघण्याच्या घाईत होते, तरी त्यांनी बायला आत बोलावलं. नोंदवही मीही पाहिली. तपासण्याची सवय जात नाही. धर्ममाता या रकान्यात बायचं नाव होतं. त्याच्या खाली, लहान अक्षरांत, तिच्या वतीने असं लिहून दुसरं नाव होतं. स्पेलिंग दोन्हींचं बरोबर होतं. बायने सही केली.

भावाच्या घरी केक कापला, भाताबरोबर कोंबडीचा रस्सा होता, पंधरा-वीस माणसं होती. वहिनीने बायला मिठी मारली आणि झाल्या गोष्टीचा विषय कुणी काढला नाही. मला दोघांनी विचारलं, की विमानाने का नाही आलात. मी सांगितलं, की त्या दिवशी विमान नव्हतं.

मूल बायच्या हातात सहा पन्नासला आलं. तिने त्याला आतल्या खोलीत नेऊन पिशवीतला पोशाख घातला आणि बाहेर येऊन खुर्चीवर बसली. नऊ वाजता ते झोपलं, तेव्हाही ते तिच्याच मांडीवर होतं. मधल्या वेळात वहिनीच्या बहिणीने ते दोनदा मागितलं. दोन्ही वेळा बायने दिलं नाही.